शेपटीतली पिन

बाबा, तुमचं ते पिवळं फवारणीचं विमान मी बनवलं. चोविसाव्या हिश्शाचं, म्हणजे खऱ्या विमानाचे दोन फूट ते माझ्याकडे एक इंच. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दीड फूट भरतं. या विमानाचा तयार संच बाजारात मिळत नाही, त्यामुळे प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून एकेक तुकडा कापून, कानशीनं घासून सगळं हातानंच करावं लागलं. गोळ्यांच्या पाकिटाचा चकचकीत कागद इंजिनाच्या झाकणाला लावला, जळक्या मोटरमधली तांब्याची तार नळ्यांसाठी वापरली. हत्यारं माझ्याच कामाची आहेत. मी पंचवीस वर्षं दातांच्या प्रयोगशाळेत लोकांचे दात बनवते, तिथली मेणाची सुरी आणि टोकदार आकडे या कामाला फार चांगले पडतात. मनीषनगरच्या घरात मागची खोली यासाठीच ठेवली आहे. जेवायला हाक मारली तरी मला ऐकू जात नाही, अशी घरच्यांची तक्रार असते.

विमान उभं करणं सोपं होतं. ते जुनं दिसेल असं करायला वेळ लागला. आधी चंदेरी रंग द्यायचा, तो वाळला की पाण्यानं ओला करून मिठाचे खडे टाकायचे, वरून पिवळा फवारायचा आणि वाळल्यावर मीठ खरवडून काढायचं. मग रंगाचे टवके उडालेत असं वाटतं. पण टवके कुठे उडवायचे ते आठवावं लागतं. पायलटचा बूट पडायचा तिथे, पंखाच्या मुळाशी. औषधाच्या नळ्यांमागे पांढरट ओघळ. उजव्या बाजूला धुराचा काळा फराटा. आणि शेपटीजवळ डाव्या अंगाला एक ओरखडा, कारण तुम्ही वाकून आत हात घालायचात तेव्हा तुमच्या पट्ट्याचं बक्कल तिथे घासायचं. हा ओरखडा कुठल्याही फोटोत नाही. माझ्या हातानं तो आपोआप काढला, आणि काढल्यावर मला तुमच्या कपड्यांना येणारा औषधाचा उग्र वास आला. मी उठून खिडकी उघडली. वास खोलीतच होता.

मला उभी करायची होती ती एकच दुपार. पत्र्याचं हँगर, तेल सांडलेली फरशी, पान्यांची पेटी, शिडी, आणि शेपटीचं झाकण काढलेलं विमान. त्या उघड्या जागेत, शेपटीचं पातं वरखाली करणारी केबल जिथे जोडलेली असते तिथे, एक बोल्ट असतो आणि बोल्ट निसटू नये म्हणून त्यात एक स्प्लिट पिन. माझ्या मापात ती पिन केसाएवढी होते. बाकी सगळं झालं, आणि त्या पिनेशी येऊन मी दोन महिने थांबले.

तुम्हाला आठवत असेल. मी सहावीत होते. शाळेत प्रदर्शन होतं आणि त्यात माझं पुठ्ठ्याचं विमान मांडलं होतं, तुमच्याच विमानासारखं पिवळं. बाईंनी सगळ्यांचे आईवडील बोलावले होते. तुम्ही सकाळी म्हणाला होतात, "आज नाही जमणार वं. उद्या पहाटे विमान उडवाचं आहे, काम पडलं आहे." मी शाळेतून तशीच पळत हँगरवर आले. तुम्ही शेपटीत खांद्यापर्यंत हात घालून उभे होतात. तुमचे जोडीदार काका शिडी धरून होते.

"काहून आली वं?" तुम्ही मान न वळवताच विचारलंत.

"आईनं बोलावलं तुम्हाले. लवकर चला म्हणे."

"काय झालं?"

"मले नाही माहीत. लवकर या म्हणे."

तुम्ही हात बाहेर काढलात, चिंधीला पुसलात. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलंत. मग काकांना म्हणालात, "बोल्ट टाकला आहे. पिन तेवढी लावून घे अन् झाकण बसव. मी जाऊन राहिलो." काका म्हणाले, "जा ना गा तू, मी पाहतो."

शाळेच्या वळणावर मी तुमचा शर्ट ओढला आणि खरं सांगून टाकलं. तुम्ही रागावला नाहीत. प्रदर्शनात माझ्या विमानापुढे गुडघ्यांवर बसलात, पंखाखालून बोट फिरवलंत आणि म्हणालात, "इथं आतून काहीच नाही केलं तू. वरून पाहणाऱ्याले दिसत नाही म्हणून सोडून देलं का?" एवढंच तुमचं बोलणं. घरी आल्यावर तुम्ही आपल्या पेटीतली लहान कानस मला दिलीत. रात्री आपण दोघांनी मिळून माझ्या विमानात आडव्या पट्ट्या बसवल्या. तुम्ही कुठेही गेला नाहीत. मी तुमच्या मांडीला टेकून झोपले, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

फवारणी पहाटे होते, वारा पडलेला असतो तेव्हा. तुम्ही सातला हँगरवर पोचलात तोवर विमान उमरेडच्या बाजूला एका कपाशीच्या शेतात पडलं होतं.

पायलट सव्वीस वर्षांचा होता. एकदा त्यानं मला आपल्या जागेवर बसवून दांडी हलवू दिली होती. पंधरा दिवसांनी त्याची आई दूरच्या गावाहून आली आणि का कोण जाणे, आपल्या घरी आली. स्वयंपाकघरात पाटावर बसली. आईनं चहा दिला, तो तिनं हातातच धरून ठेवला. मी दाराआड आहे. ती तुम्हाला विचारते, "आपने देखा था उसको उस दिन?" तुम्ही म्हणता, "नहीं माँजी. मैं सुबह नहीं था." ती मान हलवते आणि म्हणते, "उसको ठंड बहुत लगती थी." तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे आहात. चहावर साय धरते आहे. चाळीसहून जास्त वर्षं झाली, ती बाई अजून त्या पाटावरून उठलेली नाही.

चौकशीत लिहिलं गेलं की विमान विजेच्या तारांना अडकलं. तारा तुटलेल्या होत्या हे खरं. पण तारांना अडकलं म्हणून पडलं, की पडता पडता अडकलं, हे कोण सांगणार? शेपटीचा तो भाग जळून गेला होता. तुम्ही महिनाभरात काम सोडलंत आणि लकडगंजमध्ये एका आरा मशीनवर पात्यांना धार लावायला लागलात. तुमच्या केसांत भुसा असायचा. विमानाचा आवाज आला की आम्ही सगळे वर पाहायचो, तुम्ही खाली पाहायचात. मला मात्र तुम्ही कधी एका शब्दानं त्या दुपारबद्दल विचारलं नाहीत. तुम्ही गेलात त्याला आता सतरा वर्षं होतील. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवसांत तुम्ही माझा हात धरून ठेवायचात, आणि मी रोज ठरवून यायचे की आज विचारीन. मी तुम्हाला संत्र्याची फोड सोलून द्यायचे आणि घरी परत यायचे.

म्हणून मागच्या महिन्यात यष्टीत बसून मी उमरेडला गेले. काका तिथे लेकीकडे राहतात. ब्याऐंशीचे आहेत, एका डोळ्यानं दिसत नाही. मी म्हटलं, मॉडेल बनवते आहे, पिन कशी बसायची ते विचारायला आले. त्यांनी मोबाइलवरचे माझे फोटो डोळ्याजवळ नेऊन पाहिले. मग शेपटीवर बोट ठेवून म्हणाले, "हा ओरखडा कुठून काढला तू? तुह्या बापाचा पट्टा हा."

मी तेव्हा सांगून टाकलं, की मी खोटं बोलून तुम्हाला कामावरून उठवलं होतं. काका हसले. "थे त्याले माहीत होतं ना. तू शाळेत गेल्यावर तुह्या आईले त्यानंच रामटेकच्या गाडीत बसवून देलं होतं, वापस येणार होती संध्याकाळी. दुपारी घरी होतीच कुठं ते? तू गेली हात धुवाले अन् मले म्हणे, पोट्टी खोटं बोलून राहिली, विमान दाखवाचं आहे तिले. पाहून येतो म्हणे. खुशीत गेला."

बाबा, इतकी वर्षं मला हे माहीत नव्हतं. मी तिथेच पदर तोंडाशी धरून बसले. काकांच्या लेकीनं पाणी आणून ठेवलं. मला वाटलं, आता उठावं. पण काकांनी माझं मनगट धरलं.

"चौकशीत त्यानं सांगतलं, शेपटीचं काम मीच पुरं केलं, पिन मीच लावली. माह्यं नाव घेतलं नाही. मले बाहेर येऊन म्हणे, तुले लहान लेकरं आहेत, तू चूप राह्य." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी लावली असंन वं. लावलीच असंन. झाकण बसवलं हे आठवते, चारही स्क्रू आठवतात. पिन आठवत नाही. रोज आंघोळ करताना मी थे झाकण उघडून पाहतो, अन् कधी असते, कधी नसते. तुह्या बापानं मले कधी विचारलं नाही. विचारलं असतं तं बरं झालं असतं."

त्यांचा अंगठा माझ्या मनगटावर गोल गोल फिरत होता, काहीतरी घट्ट करत असल्यासारखा. त्यांचा तो न दिसणारा डोळा माझ्याकडे होता. मी म्हणाले, "काका, पिन होती. बाबा संध्याकाळी परत गेले होते हँगरवर. प्रदर्शन झाल्यावर मला घरी सोडलं आणि सायकल काढून गेले. झाकण उघडून पाहून आले. पिन बरोबर बसवली आहे म्हणाले आईला. मी ऐकलं."

"खरंच गेला होता?"

"हो."

"मंग मले काहून नाही सांगतलं त्यानं?"

"त्यांना वाटलं असेल, तुम्हाला तर माहीतच आहे. लावली तुम्हीच ना."

काकांनी माझं मनगट सोडलं आणि लेकीला हाक मारली, "पोहे टाक वं, दोघांसाठी." ती दारात येऊन माझ्याकडे बघत राहिली. नंतर मला सोडायला यष्टी स्टँडवर आली तेव्हा म्हणाली, "बाबा दुपारी कधीच काही मागून खात नाहीत हो."

या गोष्टीला महिना होऊन गेला. हे पत्र कुठे टाकायचं नाही, ते मॉडेलच्या खालच्या फळीच्या पोकळीत राहील, आणि फळी मी चिकटवून टाकणार आहे. पण एक सांगायचं राहिलं. काकांना सांगितलेलं खोटं आहे, हे सुरुवातीला मला दिवसातून दहा वेळा आठवायचं. आता कमी आठवतं. परवा दात घासताना मला तुम्ही स्पष्ट दिसलात, अंगणातून सायकल बाहेर काढताना. आईनं आतून विचारलं, कुठं चालले? आणि तुम्ही म्हणालात, आलोच. बाबा, असं काही झालं नव्हतं. पण मी तुम्हाला थांबवलं नाही.