मनोरीच्या कुलपाचं मूल्यमापन

२ नोव्हेंबर १९६९, रविवार. बोरीवली.
आजपासून रोजनिशी. फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या कुणाला यातलं काही कळायचं नाही.

विमा कचेरीतून तीन महिन्यांची बिनपगारी रजा घेतली. अंधेरीच्या एका धर्मादाय निधीत मी संशोधन व मूल्यमापन अधिकारी झालो आहे. तूर्त उमेदवारीवर. निधी गरीब मंडळांना मदत देतो आणि मंडळं खरंच काही करतात का हे मी सांगायचं. पहिली केस, मनोरीचं कोळी महिला मंडळ. त्यांना बर्फघर हवंय. बर्फघर माझ्या अहवालावर ठरणार, आणि माझी कायम नेमणूकही.

सेक्रेटरी अण्णा म्हणाले, आधी जरा जाऊन गप्पा मारून या. पंचवीस वर्षं समाजसेवा करून माणूस अजून गप्पांवरच आहे. मी बासष्ट प्रश्नांची प्रश्नावली सायक्लोस्टाइल करून घेतली. इंग्रजीत. शेवटी शास्त्र आहे ते.

३ नोव्हेंबर, सोमवार.
मालाडहून बस, मार्व्याहून होडी. पलीकडून आलेल्या होडीतून कोळणी टोपल्या घेऊन उतरत होत्या, मी चढत होतो. इस्त्रीच्या पँटवर मासळीचं पाणी. एक थोराड बाई म्हणाली, कुठं चाललास रे? मला, पदवीधराला, अरे-तुरे. मी सांगितलं, महत्त्वाचं काम आहे, तुला समजायचं नाही. ती हसली आणि बाकीच्यांना घेऊन बसकडे गेली.

अकराला मंडळाच्या खोलीवर पोचलो. पाटी आहे, दाराला कुलूप. साडेबारापर्यंत उभा राहिलो. नोंद: उपस्थिती शून्य.

९ नोव्हेंबर, रविवार.
कुंदाने बाजारातून सुरमई आणली. म्हणते, आपली कोळीण सखुबाई मनोरीचीच आहे, तिथल्या मंडळाची अध्यक्ष का कोण आहे, तिला एकदा विचारून तर बघा. बायकोला संशोधन समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. तरी सांगितलं, बाजारात मासळी मिळते, माहिती नाही. काही बोलली नाही. पटलं असावं.

सुरमई चांगली होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ११.२०
तिसरी खेप. कुलूप. धक्क्यावर तीच बाई, आजपण चाललास का, म्हणून चौकशी. इतक्या रिकामटेकड्या बायका मी जन्मात पाहिल्या नाहीत. रोज उठून होडीतून कुठे भटकतात कोण जाणे.

शेजारी महादू नावाचा म्हातारा जाळं शिवत बसला होता. म्हणाला, बायका बाजारात गेल्यात, चारनंतर ये. मी त्याला सांगितलं, कार्यालयाची वेळ अकरा ते पाच असते. ज्यांना साधी वेळ पाळता येत नाही, त्यांना म्हणे बर्फघर हवं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार.
काल पाचवी खेप. कुलूप तेच. थोडं गंजलंय, तेही नोंदवलं.

उत्तरं द्यायला कोणी भेटत नसेल तर शास्त्रीय अंदाज करायचा असतो. आज घरी बसून चाळीस फॉर्म स्वतःच भरले. प्रश्न ४१: सभासद निर्णय कसे घेतात? उत्तर: घेत नाहीत. चाळीसही जणींचं एकमत झालं. असं एकमत क्वचितच दिसतं.

१ डिसेंबर, सोमवार. रात्री, अंग दुखतंय.
शेवटची खेप. मालाडला बस चुकली, मग ऊन लागलं, मग उसाचा रस. पोचायला साडेचार. तरी कुलूप होतंच. माझा निष्कर्ष पक्का.

किनाऱ्यावर कलकलाट चालला होता म्हणून बघायला गेलो. तीसेक बायका बोंबील वाळत घालत होत्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. धक्क्यावरची थोराड बाई तिथेही हजर. म्हणाली, उभा काय राहिलास, दोरी ओढून धर. धरली. मग बोंबीलही घातले. दीड तास.

तोंडं सगळ्यांची एकदम चालू. बर्फ किती लागेल, कुणाचा नवरा भिंत बांधील, बाळंतिणीची टोपली कोण विकून देईल, कोण कुणाला काय बोलली. मधूनच थोराड बाई विचारायची, कबूल? सगळ्या म्हणायच्या, कबूल. आणि मंजुळा नावाची एक विधवा बाई हात पुसून वहीत काहीतरी खरडायची. असल्या गोंधळात सभा कशी व्हायची? मी कोण, कशाला आलोय, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. निरीक्षकाने आपला हेतू उघड करायचा नसतो.

निघताना मंजुळाने एक बंद पाकीट दिलं, अण्णांना द्या म्हणाली. म्हणजे माझं नाव इथवर पोचलंय. आत अर्ज-विनंत्याच असणार. बिचाऱ्या.

एक गोष्ट मात्र नमूद करतो. माझे बोंबील सगळ्यांत सरळ होते.

८ डिसेंबर, सोमवार.
अहवाल दिला. अठ्ठ्याऐंशी पानं. नाव: 'अस्तित्वात नसलेली संस्था'. शिफारस: बर्फघर नको, मंडळ बंद करावं. पाकीटही दिलं. अण्णांनी आधी पाकीटच उघडलं. वाचताना दोनदा चष्मा पुसला. वय झालंय.

१५ डिसेंबर, सोमवार.
विमा कचेरीत राजीनामा दिला. कुंदा म्हणत होती, रजा जानेवारीअखेर आहे, आधी नेमणूक हातात पडू दे. भित्र्या लोकांमुळे हा देश मागे आहे. साहेबांना स्वच्छ सांगितलं, ही कचेरी माझ्या मापाची नव्हती. त्यांनी तिथल्या तिथे मंजूर केला. इतकी चपळाई त्या कचेरीत अकरा वर्षांत पाहिली नव्हती.

५ जानेवारी १९७०, सोमवार.
आज निधीची समिती बसली. लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

अण्णांनी माझी अठ्ठ्याऐंशी पानं बाजूला ठेवली आणि पाकिटातला एक कागद वाचला. निधीचा नियम आहे म्हणे, मंडळानेही आलेल्या अधिकाऱ्याबद्दल कळवायचं. मला कोणी बोललं नव्हतं. बोलले असतील, मी लक्ष दिलं नसेल.

कागद ठरावाचा. एक डिसेंबरच्या सभेचा. हजर सभासद एकतीस, अध्यक्ष सखुबाई, म्हणजे धक्क्यावरची ती थोराड बाईच. मजकूर असा: 'साहेब सहा वेळा आले. सहाही वेळा कुलपाला भेटले. आम्ही पाच वेळा धक्क्यावर त्यांच्या समोरून गेलो, त्यांनी विचारलं नाही. आज सभेत दीड तास होते, तरी विचारलं नाही. माणूस वाईट नाही. बोंबील नीट घालतो. पण या कामाला उपयोग नाही. कबूल.'

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

बर्फघर मंजूर. इतर मंडळांना भेटी द्यायचं काम मंजुळाबाईंना. सातवी पास. माझी उमेदवारी आजच संपली. अण्णा जिन्यापर्यंत आले, म्हणाले, विद्याधर, गप्पा मारायच्या होत्यास रे. तेही अरे-तुरेवर आले.

११ जानेवारी, रविवार.
काल विमा कचेरीत गेलो होतो, सहज. माझ्या खुर्चीवर नवा माणूस बसलाय. त्याने मला विचारलं, काय काम आहे. मी म्हटलं, महत्त्वाचं काही नाही, आणि जिना उतरलो.

कुंदा बाजारातून आली. सखुबाईने माझ्यासाठी सुके बोंबील दिलेत, पैसे घेतले नाहीत. निरोपही आहे. उद्या माल जास्त येणार, हात कमी आहेत, रिकामा असलास तर ये. कुंदा निरोप सांगून आत गेली. या वेळी तिला काय पटलंय ते मला कळलं.

मी अर्थातच जाणार नाही. फार तर निरीक्षण म्हणून जाईन.

चारनंतर जायचं.