तीन गोल कोपरे, एक टोकदार

प्रिय मामा,

संग्रहालयातलं ते नावाजलेलं जुनं व्हायोलिन तुम्ही दुरुस्त केलंय, हे तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता. मामी दरवेळी म्हणते, "हो, आणि येताना चंद्रावरच्याही तारा बदलून आलात!" हसणाऱ्यांत मीही असते.

गेल्या आठवड्यात ते व्हायोलिन तपासणीसाठी माझ्या टेबलावर आलं. फटीतून बारीक कॅमेरा आत सरकवला. वरच्या फळीला जुनी चीर आहे आणि तिच्यावर आतून लाकडाची ठिगळं. प्रत्येकाचे तीन कोपरे गोल घासलेले, चौथा टोकदार. लहानपणी तुमच्या दुकानात अशीच ठिगळं बघून मी विचारलं होतं, हा कोपरा का सोडला? तुम्ही म्हणालात, "आत दिसत नाही गं. बोटाला दिशा कळायला एक कोपरा लागतो."

पडद्यावर बघून संचालक म्हणाले, "कुणाची तरी ठोकाठोकी दिसतेय. काढून टाकू."

मी आधी जोड तपासले. चीर केसभरही सरकलेली नाही. अहवालात लिहिलं: जोड भक्कम, हात लावू नये. दुरुस्ती कुणाची, तेही लिहिलं. आपलं नातंही लिहिलं, कारण ते लपवणं बरोबर नव्हतं. संचालकांनी दोनदा वाचून सही केली.

अहवाल जाहीर व्हायचाय, आणि हे पत्र तुम्ही फ्रेम करून दुकानात लावाल, म्हणून पाठवत नाही. नुसती दोन तिकिटं पाठवते. पुढच्या महिन्यात ते व्हायोलिन वाजणार आहे. मामीला घेऊन या, आणि या वेळी तुम्ही गप्प बसा.

तिला मी सांगेन.

तुमची भाची