चिमीच्या फोनचा आलेख

२ जानेवारी, सकाळी
आजपासून रोजनिशी आणि आजपासूनच स्टॅटिस्टिक्स. लोक एक तारखेला संकल्प करतात आणि दोनला मोडतात. मी दोनला सुरू करतोय, म्हणजे तो धोका टळला.

कारण लिहून ठेवतो. आमची चिमी परगावी स्टॅटिस्टिक्स शिकते. दर रविवारी फोन करते. मागच्या मार्चमध्ये आमची ही गेली, तेव्हापासून फोन माझ्यावर येतो. तो जरा आखूड होतो. जेवलात का, हो, तू जेवलीस का, हो, दुकान कसं आहे, बरं आहे, ठेवू का? पोरीची यात चूक नाही. तिला माझ्याशी खूप बोलायचंय, फक्त विषय सापडत नाही. तर विषय मी शिकून घेणार. मे महिन्यात ती सुट्टीला येईल तेव्हा आम्ही दोघं तासन्‌तास बोलत बसू. तिची जुनी पुस्तकं माळ्यावर आहेतच.

५ जानेवारी
माळ्यावरून पुस्तक काढलं. पाठीत उसण भरली. अभ्यास नाही.

८ जानेवारी
पहिली पाच प्रकरणं गाळली. फारच प्राथमिक वाटली. थेट नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन. त्या पानाच्या कडेला चिमीने पेन्सिलीने एक झोपलेली मांजर काढली आहे. म्हणजे तिचा लाडका धडा असणार.

समजलं. पुष्कळ लोकांचं एखादं माप घ्या. मधल्या मापाचे ढीगभर, आणि मधल्यापासून जावं तसे दोन्ही अंगांनी कमी कमी. काढलं की घंटेसारखा उंचवटा दिसतो. यात नवीन काय? आठ नंबरचा बूट धडाधड खपतो, सात आणि नऊ त्याखालोखाल, सहा-दहा अधूनमधून, आणि अकरा नंबरवाला आला की त्याला चहा पाजावासा वाटतो. हे मला चिमीच्या जन्माआधीपासून माहीत आहे. शोध मीच लावला असता, पण गिऱ्हाईक सोडून कागदावर उतरवायला वेळ कुणाला होता?

रिकाम्या खोक्याच्या झाकणावर आतून आलेख काढला. सुरेख आला.

११ जानेवारी, रविवार
चिमीला बुटांचा आलेख सांगितला. म्हणाली, हो बाबा, बरोबर आहे. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग जेवलात का विचारलं. विषय तिला आवडल्याचं जाणवलं. भारावून गेला की माणूस गप्प होतो.

१९ जानेवारी
ज्ञान धंद्यात उतरवलं. होलसेलवाल्याला सांगितलं, या खेपेला कडेचे नंबर नकोत, मधलाच माल पाठव. त्याने दोनदा विचारलं. अडाणी माणूस.

२ फेब्रुवारी
सकाळपासून दहा नंबरवालेच येतायत. एक तर बापलेक, दोघंही दहा. शेजारचा घड्याळवाला पायरीवर बसून बघत होता. म्हणाला, तुमच्या घंटेला खबर नाही वाटतं. मी त्याला ऐकवलं की नमुना लहान असला की असं होतं. तो म्हणाला, नमुना चांगला सहा फुटी होता. त्याच्याशी आठवडाभर न बोलण्याचा निश्चय.

३ फेब्रुवारी
घड्याळवाल्याने चहा सांगितला. बोललो.

८ फेब्रुवारी, रविवार
दहा नंबरचा किस्सा चिमीला सांगायचं ठरवलं होतं. ती खोकत होती. मी विचारलं औषध घेतलंस का. हो म्हणाली. ही असती तर खोकला कधीपासून, कोरडा की ओला, रात्री उशाला काय घेतेस, इथून सुरू होऊन मैत्रिणीच्या लग्नापर्यंत गेली असती. मला तसलं फापटपसाऱ्याचं बोलणं जमत नाही. मी मुद्द्याचा माणूस. किस्सा राहून गेला.

१२ फेब्रुवारी
स्टँडर्ड डेव्हिएशन. मधल्यापासून साधारण किती इकडेतिकडे होणं चालायचंच, ते माप. दुसऱ्यांदा वाचल्यावर डोकं चढलं. तरी एक गोष्ट पटली. मधल्याहून थोडं कमी, थोडं जास्त, हे सगळं नॉर्मलच असतं.

या शब्दावर माझा राग आहे. हिचे रिपोर्ट आले की डॉक्टर म्हणायचे, तसं नॉर्मल आहे. आम्ही दोघं हसत घरी यायचो.

१५ फेब्रुवारी, रविवार
आजचा फोन एवढासा. ही काळजीची बाब नाही, आणि ते मी आता शास्त्राने सिद्ध करणार आहे. चिमीचे सगळे फोन घ्यायचे, किती मिनिटं चालले त्याचा आलेख काढायचा. हल्लीचे आखूड फोन त्याच्या डाव्या उतारावर पडतील. डावा उतार असेल तर उजवाही असणारच. आखूड फोन एकदाचे संपले की लांबलचक फोनांची पाळी येईल. साधा हिशेब आहे.

१७ फेब्रुवारी
जुने फोन हिच्या मोबाइलवर आहेत. तो मी अजून चार्ज करून ठेवतो. कुणाचा महत्त्वाचा फोन आला तर पंचाईत नको. आजवर फक्त कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचा आला. ती ताई आहेत का म्हणाली. मी म्हटलं, बाहेर गेल्यात.

हिचे फोन चाळीस-चाळीस मिनिटांचे. ते आमच्या दोघांचेच धरायचे. मीही त्यात असायचोच. मागे उभा राहून सांगायचो, विचार जेवली का, विचार परीक्षा कधी. ही विचारायची आणि चिमी काय म्हणाली ते मला सांगायची. आम्हा तिघांच्या गप्पा छान रंगायच्या.

२२ फेब्रुवारी
बूट ठेवायच्या मोठ्या खोक्याचं झाकण घेतलं. सगळे फोन मांडले. आकार चुकतोय. मधोमध उंचवटा यायला हवा, तिथे खड्डा पडलाय. एक ढीग डावीकडे दोन मिनिटांपाशी, दुसरा उजवीकडे चाळिसापाशी. मधे कुणीच नाही. बेरीज तपासली. सरासरी एकवीस येते. एकवीस मिनिटांचा फोन एकही नाही.

२३ फेब्रुवारी
पुन्हा काढला. पुन्हा खड्डा. घड्याळवाला म्हणाला, उंट आहे का? झाकण उलटं करून ठेवलं.

२५ फेब्रुवारी
पुस्तकातच चूक असावी.

१ मार्च, रविवार
आज चिमीला विचारलं. कसले आकडे ते सांगितलं नाही. म्हटलं, एक आलेख काढलाय, त्याला दोन उंचवटे येतात, माझं कुठे चुकतंय?

पोरगी जागी झाली. आवाजच बदलला. मोजलंय काय, किती आकडे आहेत, मधला भाग अगदी रिकामा आहे का, भराभर विचारत सुटली. बोलता बोलता मला ‘अरे बाबा, ऐक ना’ म्हणाली. आईला ती अगं-तुगं करायची. मला कायम तुम्ही. मी ते आदराचं समजत आलो. आज अरे ऐकलं.

मग तिने समजावलं. तुझी बेरीज चुकलेली नाही. दोन निराळ्या गोष्टी तू एकाच ढिगात घातल्यास, म्हणून असं होतं. त्या दोन्हींची सरासरी काढून उपयोग नाही, ती कुणाचीच नसते. वेगळ्या कर, मग दोन्ही आपापल्या जागी नीट दिसतील.

आणि विचारलं, कशाचे आकडे आहेत?

मी म्हटलं, बुटांचे. लेडीज आणि जेंट्स एकत्र झाले असतील.

ती म्हणाली, मग बरोबर. आणि हसली. तिचं हसणं फोनवर मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी ते हिच्या कानात जायचं.

विषय संपला होता. मी विचारलं, जेवलीस का? ती म्हणाली, हो, तुम्ही?

४ मार्च
चिमीचा मेसेज. मे महिन्यात तिथेच कुठे तरी काम शिकायला जायचंय, त्यामुळे यायचं नाही जमणार. रागावू नका. मी लिहिलं, अजिबात नाही, करिअर आधी. बोटं जाड असल्यामुळे हे लिहायला बराच वेळ लागला.

८ मार्च, रविवार, दुपारी
फोन येऊन गेला. नेहमीसारखा.

नंतर झाकण काढलं आणि चिमीने सांगितलं तसं केलं. हिचे फोन वेगळ्या झाकणावर काढले. ते झाकण कपाटात हिच्या साड्यांच्या खाली ठेवलं. उरलेले माझे नव्या झाकणावर मांडले. दोन मिनिटांवर उंचवटा, एका अंगाला एक मिनिटाचे, दुसऱ्या अंगाला तीनचे, दोन्हीकडे सारखा उतार. गेल्या रविवारचा लांब फोन पार उजव्या टोकाला, एकटा.

पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिलं. हुबेहूब आहे. कुठेही काहीही चुकलेलं नाही.