फेस कुणाचा

आई, तुझ्यावरचा राग दोन दिवस झाले तरी उतरत नाही, म्हणून लिहायला बसलेय. तुला जाऊन वीसेक वर्षं झाली. तू हे वाचणार नाहीस हे मला कळतं, पण तू समोर असतीस तरी मला हे बोलता आलं नसतं. तुझ्यापुढं मी कधी आवाज चढवला नाही. तू चढवू दिलाच नाहीस.

उन्हाळा सुरू होताना मी कारखान्याच्या पायरीवरून घसरले. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी अजून चालू आहे, तू असताना लागलेलीच. पडणं अगदी साधं, बघणारी बाई हसली आणि मीही हसले, पण डाव्या हाताचं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. फोटो उजेडात धरून म्हणाली, "एवढ्याशा पडण्यानं मोडायला नको होतं. हाडं ठिसूळ झालीत. तुमच्या खाण्यात प्रोटीन फार कमी दिसतंय. लहानपणी घरात दूधदुभतं होतं का?" मी म्हटलं, "घरात म्हशी होत्या." ती हसली. "मग काय, घरचं दूध. भरपूर प्यायला असाल." आणि आई, मी हो म्हणाले. अनोळखी पोरीसमोर, हात गळ्यात अडकवून, मी तुझी अब्रू राखली. रिक्षात बसल्यावर मला पहिल्यांदा तुझा राग आला.

तुझी नात व्यायामशाळेत जाते, वजनं उचलते. तिचे दंड बघितलेस तर तू पदर तोंडाला लावशील. रोज सकाळी ती थंड कॉफी करते आणि त्यावर प्रोटीनचा फेस घालते. मी डाळी-उसळी औषधासारख्या गिळत होते ते बघून म्हणाली, "आई, कॉफी आवडते ना तुला? मग तिच्यावरच घालू तुझं प्रोटीन." आणि तिनं मला शिकवलं. पेल्यात बर्फ आणि गार कॉफी. दुसऱ्या भांड्यात फ्रीजमधलं गार दूध, साय पूर्ण काढलेलं, कारण सायीच्या दुधाचा फेस बसून जातो. त्यात प्रोटीनची पावडर थोडी थोडी भुरभुरायची, एकदम टाकली की गुठळ्या. मग बॅटरीवर फिरणारी बोटाएवढी रवी त्यात धरायची. माझा पहिला घाणा फसला. सवयीनं मी दूध कोमट केलं आणि पावडरीचा चोथा झाला. दुसऱ्या वेळी म्हशीचं दूध सायीसकट घेतलं, त्याला फेस धरेना. मग मी माझी युक्ती काढली. दही फडक्यात टांगून चक्का केला आणि चमचाभर त्या गार दुधात घातला. फेस असा घट्ट आला की चमचा उभा राहिला. पोरगी म्हणाली, "बाहेर असला मिळत नाही." एका हातानं केलेला, दुसरा प्लास्टरमध्ये. मला बरं वाटलं. नंतर तो फेस कॉफीवर ओतताना मी बघत राहिले आणि गोठा आठवला.

धार तूच काढायचीस, मागच्या दारी. आबा माझ्या धाकट्या भावाला घेऊन तालमीतून यायचे, तेवढ्या वेळात तू उंच पेला थेट आचळाखाली धरायचीस. धार पेल्यात पडली की आधी घुमल्यासारखा आवाज येतो, मग फेस चढला की आवाज मऊ होतो. तो कोमट, फेसाळ पेला धाकट्याचा. अंगाला तांबडी माती तशीच, एका दमात प्यायचा आणि ओठ पुसायचा. एके दिवशी दारात कुणीतरी हाक मारली म्हणून तू पेला कट्ट्यावर ठेवून गेलीस. मी चौथी-पाचवीत असेन. नुसता फेस चाटला, आई, खालच्या दुधाला मी तोंडही लावलं नव्हतं. तू परत आलीस, माझ्या ओठावरची पांढरी रेघ बघितलीस, आणि पदरानं माझं तोंड असं पुसलंस की ओठ चुरचुरला. "पोरीच्या जातीनं धारेचं दूध पिऊ न्हाय. लवकर शाणी हुतीस, कावळा शिवतो, मग बस रडत. आणि तुला काय आखाड्यात उतरायचं हाय व्हय?" मग तू परत म्हशीखाली बसलीस आणि फेस होता तेवढा वर येईपर्यंत धार सोडलीस. मला वाटलं होतं तू मारशील. मारलं असतंस तर मी विसरले असते.

खूप वर्षांनी तू माझ्यासाठी खाऊ आणलास तो बाळंतपणात. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, तुपानं डबा बाहेरून ओशट झालेला. माझ्यासमोर बसून एकेक लाडू खायला लावलास. मला रडू येत होतं, इतकं बरं वाटत होतं. मग शेजारची म्हणते, "लेकीचे लाड चाललेत की." आणि तू म्हणतेस, "लाड कसलं, दूध यायला नगं? बाळाचं पोट भराय पायजे." तेव्हाही ते माझ्यासाठी नव्हतंच. माझ्या पोटातून पुढं कुणाकडं तरी जायचं होतं.

परवा रविवारी धाकटा आला, हात कसा आहे बघायला. आता तो सुटलाय, गुडघे दुखतात त्याचे. जोतिबाच्या वाटेवरच्या गावांत जत्रेतल्या थोड्या कुस्त्या मारल्या, पुढं काही झालं नाही, ते तुला ठाऊकच आहे. उन्हातनं आला आणि खुर्चीत टेकला. मी नुकताच माझा पेला भरला होता, वर फेस चढवला होता. आणि आई, काही विचार न करता मी तो त्याच्या हातात दिला.

"हे काय गं ताई, लस्सी हाय का काय?" असं म्हणत त्यानं अर्धा संपवला.

पोरगी आतून आली. "मामा, तो आईचा होता. डॉक्टरांनी सांगितलंय तिला."

"मला काय म्हाईत? तिनंच दिला की."

आणि माझ्या तोंडून निघालं, "ऱ्हाऊ दे, मी मागनं पितो."

ऑफिसात मी 'येते, जाते' बोलते, आता घरातही तसंच बोलते. 'पितो' तुझं, आई. तू बायकांत बसून 'मी जातो, मी करतो' म्हणायचीस, आणि ताटावर सगळे बसले की 'ऱ्हाऊ दे, मी मागनं जेवतो' म्हणायचीस. तो आवाज माझ्या घशात होता. पोरगी माझ्याकडं बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत मला कीव दिसली. माझं डोकं फिरलं. मी धाकट्याच्या हातातून पेला ओढून घेतला. कॉफी त्याच्या शर्टावर सांडली. मी म्हणाले, "जन्मभर फेस पिलास, तेवढा पुरला न्हाय व्हय तुला?"

तो शर्ट झटकत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "ताई, मला ते दूध कधी गेलंच न्हाय. कोमट दुधाची शिसारी यायची मला. आई समोर उभी ऱ्हायची, पेला पालथा केल्याबिगर हलायची न्हाय. कितींदा मोरीमागं जाऊन ओकलोय मी."

पोरगी हळूच म्हणाली, "आणि आजी काय प्यायची?"

तुझ्या हातात दुधाचा पेला आमच्यापैकी कुणालाच आठवेना. धाकट्याचे डोळे भरले. माझे नाही भरले. मला माहितेय, या जागी मी तुला माफ करावं. तूही उपाशी होतीस, तुलाही कुणी दिलं नाही, वगैरे. मला ते नको आहे. उलट त्यानं माझा राग दुप्पट झाला. ज्याला नको होतं त्याच्या घशात ओतलंस, जिला हवं होतं तिच्या ओठावरचं पुसून काढलंस, आणि स्वतः कोरडी राहिलीस. मग ते कुणाच्या कामी आलं? आबांचं नाव सांगू नकोस. आबा गोठ्यात पाऊल टाकत नव्हते, स्वयंपाकघरात तर नाहीच. म्हैस तुझ्या हाताखाली, पेला तुझ्या हातात, कोण किती पितंय बघायला तिथं तुझ्याशिवाय कुणी नव्हतं. एक घोट मला, एक तुला. कुणाला कळलं असतं? शेवटच्या दिवसांत पलंगावरून उठताना तुझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा वय झालं म्हणून आम्ही गप्प बसलो. माझं काही वय झालेलं नाही, आई.

धाकटा जाताना दारात थांबला, चपला घालताना भिंतीला हात टेकून. म्हणाला, "ताई, पुढच्या खेपेला तू आधी पी, मग मला दे. चालेल की मला." मी म्हटलं, "पुढच्या खेपेला तू स्वतः करून घे. मी शिकवतो." तो हसला. पुन्हा 'शिकवतो' निघालं होतं, पण या वेळी मला ते खटकलं नाही.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. पंचगंगेत सोडण्याची मला हौस नाही आणि जाळून काही वर पोचतं यावर माझा विश्वास नाही. राग गेलाय असंही समजू नकोस. एक गोष्ट मात्र पोरीलासुद्धा सांगितलेली नाही. काल आणि आज मी पेला माझ्यासाठी केला, फेस घट्ट आला, आणि पूर्ण प्यायले. घरात मला कुणी काही म्हणणारं नाही. तरी दोन्ही वेळा आधी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.