मामंजींच्या स्वीडिश बंदुका

आखाडा बाळापूर, गुरुवार, संध्याकाळ

निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेल्या बंदुका आज परत आल्या. मामंजींनी हौसेनं जमवलेल्या, एका वेळी एकच गोळी भरायच्या दोन जुन्या स्वीडिश शिकारी बंदुका. दसऱ्याला पूजा करताना मी नळ्यांवर पाणी शिंपडलं आणि तेल न देताच त्या जमा होऊ दिल्या. नळीत गंज चढला असेल तर? महिनाभर हेच डोक्यात. सांगायचा धीर झाला नाही.

मामंजींनी उजेडाकडे धरून नळीत पाहिलं. लख्ख!

मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. ते हसले. "काहून घाबरून राहिली, पोरी? जमा करायच्या आदी म्या तेल दिलं व्हतं. तुझी पूजा झाली की दरसाली देतो."

दरसाली? अठरा दसरे झाले. एकदाही बोलले नाहीत.