खेकडीचं सासर

सौ. वन्सं यांना उभ्या उभ्या नमस्कार. (बसले की कुणीतरी हाक मारतं, म्हणून वॉशिंग मशीनच्या झाकणावर कागद ठेवून लिहितेय. अक्षर थरथरलेलं दिसलं तर कपडे पिळले जाताहेत असं समजा.) तुमची तब्येत ठणठणीत असेलच, या खेपेला ती तशी असणं मला फारच गरजेचं आहे, का ते पुढे येईल. तुमच्या ह्यांचा खोकला थांबला का? इकडे आईंचा गुडघा होता तसाच आहे आणि तुमचे भाऊ मजेत आहेत. साखर कुठे असते हे ते एकोणीस वर्षं विचारताहेत, त्यात खंड नाही.

तर झालं काय, तुम्ही मागे विचारलं होतंत ना, की त्या संग्रहालयात मी दिवसभर करते तरी काय? मी वाळलेली पोवळी फोडते. पोवळ्याच्या फांदीवर कधीकधी सुपारीएवढी गाठ असते, ती नेलकटरनं हळूच उघडायची. (तुमच्या भावाचं हरवलेलं नेलकटर ते हेच. बोलू नका.) आत तांदळाच्या दाण्याएवढी खेकडी बसलेली असते. ही बया अगदी लहान असताना पोहत पोहत येते, फांदीच्या बेचक्यात जरा टेकते, आणि पोवळं तिच्या भोवतीनं वाढायला लागतं. वाढतं, वाढतं, आणि एक दिवस भिंती पुऱ्या होतात. मग पाणी येण्यापुरती भोकं उरतात, त्यातून येईल ते खायचं आणि बाहेर कधीच पडायचं नाही. पोवळं तिला छळत नाही हो, उलट जपतं. तीही पोवळ्याला फारसा त्रास देत नाही. कुणाचंच काही चुकलेलं नाही, याचाच मला राग येतो. आणि नवरा? मोहरीएवढा. तो बाहेर हिंडतो, भोकातून येतो, जातो. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी जागेवरून उठून जिन्यावर दोन चकरा मारून आले.

साहेबांनी प्रदर्शनासाठी पाटीचा मजकूर लिहायला सांगितला, "साध्या भाषेत, कुणालाही कळेल असा". मी नीट शास्त्रशुद्ध लिहिला. पण त्याआधी माझ्या खुणेसाठी पेन्सिलीनं एक कागद खरडला होता, आणि छापायला नेमका तोच गेला. सोमवारी काचेवर टपोऱ्या अक्षरांत पाटी: माहेर: समुद्र. सासर: पोवळं. नवरा: बाहेर. अहो, दुपारपर्यंत त्या काचेपुढे बायकांची ही गर्दी! देवमाशाच्या एवढ्या मोठ्या सांगाड्याकडे कुणी फिरकेना. एक बाई हसता हसता खालीच बसल्या, आणि हसू थांबलं तरी बराच वेळ उठल्या नाहीत. साहेब लालबुंद. केबिनमध्ये बोलावून म्हणाले, "समुद्र माहेर वाटतो ना तुम्हाला? मग जा माहेरी! पाहणीच्या बोटीवर माणूस हवाच आहे. तीन महिने जिवंत पोवळी मोजत बसा." त्यांना वाटलं मी रडेन. मी खरंच रडले, वन्सं, पण त्यांना वाटलं त्या कारणानं नाही. तेव्हापासून माझं कशात म्हणून लक्ष नाही. दूध उतू जातं, किल्ली आत ठेवून दार ओढून घेते, एकाच खोलीत तीनदा जाते आणि कशाला आले तेच आठवत नाही.

बाकी सगळं ठीक. मोठ्यांना नमस्कार सांगा, लहानांचे माझ्या वतीनं गालगुच्चे घ्या.

तुमची भावजय

ता. क. चार तारखेपासून तीन महिने इकडे येऊन राहाल का? आईंना एकटं ठेवता येत नाही, आणि तुमच्या भावावर सोपवायचं म्हणजे... तुम्ही त्यांना माझ्याआधीपासून ओळखता.

ता. क. २. तुम्ही नाही म्हणालात तर मी जाणार नाही. (हे आपलं रीत म्हणून लिहिलंय. मी सही करून आलेय.)

ता. क. ३. आईंना यातलं अजून अक्षरही बोललेले नाही. पाकीट चिकटवायला मात्र त्यांच्याकडेच देतेय, डिंक त्यांच्या कपाटात असतो.

ता. क. ४. मी तुझी आई. डिंक लावायच्या आधी सगळं वाचलं. मला "ठेवायचं" म्हणजे काय गं, मी काय बरणी आहे? तू अजिबात इकडे येऊ नकोस. हिला जाऊ दे. मीच तुझ्याकडे येते, तीन तारखेला. गुडघा जिना चढताना दुखतो, गाडीत बसायला त्याची काही अडचण नाही. या घरात आले तेव्हा मी सतरा वर्षांची होते. तेव्हापासून, तुला कुठे जायचंय का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी बोलले नाही. याचं आता फार वाईट वाटतं. हिला आत्ताच सांगत नाही. सांगितलं तर माझी बॅग भरायला बसेल आणि स्वतःची विसरेल. माझी मी भरून पलंगाखाली सारली आहे. तुला जमणार नसेल तर लगेच कळव, म्हणजे त्या बोटीवर आणखी एक जागा आहे का ते विचारते.