मळखाऊ रंग

प्रिय बाबा,

पाकीट हातात आल्यावर तुम्ही ते आधी उलटंपालटं करून बघाल आणि म्हणाल, हिचा फोन बिघडला की काय. फोन नीट आहे. फोनवर तुम्ही मधेच बोलायला लागता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते आहे. आई वेगळी राहायला गेली तेव्हाच मी तुम्हां दोघांना सांगितलं होतं की मी मधली निरोप्या होणार नाही. तो नियम अजून कायम आहे. या पत्रात कुणाचाही निरोप नाही. गेल्या काही महिन्यांत आईबरोबर तिच्या घरासाठी जी खरेदी केली, तिची ही हकीकत आहे. परवा तुम्ही म्हणालात की महिनाअखेरीला तिचा भाडेकरार संपतोय, टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलंय, सामान भरायचं आणि तिला घरी घेऊन यायचं; तिला मात्र आधी कळू द्यायचं नाही. मी 'बघू' म्हटलं आणि फोन ठेवला. त्या टेम्पोकडे मी शेवटी येते. शेवटचं पान आधी वाचू नका. तुमची ती सवय मला माहीत आहे.

आपल्या घरातल्या वस्तू कशा आल्या ते मला चांगलं आठवतं, कारण प्रत्येक वेळी दाराशी टेम्पो उभा राहायचा. तुम्ही पुढे ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले असायचात, चेहरा मोठ्या मुश्किलीनं गंभीर ठेवून. सोफा तसाच आला, कपाट तसंच, जेवणाचं टेबलही. उतरवून झालं की तुम्ही त्यावर मूठ आपटून दाखवायचात, 'बघ, जन्मभर हलायचं नाही,' आणि पुढचं वाक्य ठरलेलं, 'आणि रंग कसा, मळखाऊ!' तपकिरी सोफा, तपकिरी पडदे, तपकिरी चादरी, पायपुसणंसुद्धा. माझी एक मैत्रीण म्हणायची, तुमच्या घरात चॉकलेट खाली पडलं तर सापडायचं नाही. आई दारात ओले हात पुसत म्हणायची, 'छान आहे.' तुम्ही सगळं मनापासून आणायचात, हे मी मान्य करते. तिला उन्हात दुकानं हिंडायला लागू नयेत म्हणून एकटे हिंडायचात, घासाघीस करून दुकानदाराला रडकुंडीला आणायचात. तिला विचारायचं तेवढं राहून जायचं. शेवटी ती मावशीकडे गेलेली असताना तुम्ही हॉल रंगवून घेतलात. भिंतीचा पोपडा खिशात घालून दुकानात गेलात आणि जुनाच रंग तंतोतंत जुळवून आणलात. ती परत आली, उंबऱ्यात थांबली, 'छान आहे' म्हणाली, चपला काढल्या आणि चहा ठेवला. मी तिथे होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिनं स्वतःच्या पेन्शनमध्ये बसेल असं घर शोधलं. तुम्ही अजून सगळ्यांना सांगता की भांडण झालंच नाही. झालं नाही, एवढं बरोबर आहे.

तिचं घर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर आहे. दोन खोल्या, छोटी गॅलरी आणि पूर्वेला एक रुंद खिडकी. तुम्ही ते पाहिलेलं नाही म्हणून सांगते. सुरुवातीला तिथे गादी, शेगडी आणि इस्त्री एवढंच होतं. पहिल्यांदा आम्ही कोपऱ्यावरच्या चादरी-अभ्र्यांच्या दुकानात गेलो. जाताना मी आमच्या रंगाच्या कारखान्यातलं नमुन्यांचं कार्ड घेतलं, आमच्या प्रयोगशाळेत असतं ते, शेकडो पट्ट्यांचं. दोन डबे एकाच रंगाचे आहेत की नाहीत हे ठरवणं माझं काम, म्हणून तर तुम्ही मला मोजपट्टी म्हणता. आवडीचा रंग शोधणंही तसंच असेल असं मला वाटलं, एकेक पट्टी बाद करत जायचं. आईनं कार्ड उघडलं, बराच वेळ बघितलं, मिटलं आणि विक्रेतीला म्हणाली, 'मळखाऊ काही आहे का हो?' विक्रेतीनं तपकिरी गठ्ठा काढून समोर ठेवला. आईनं त्यावर हात ठेवला आणि मागे घेतला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, 'मला कुठला रंग आवडतो गं?' रंग मोजायचं यंत्र माझ्याकडे आहे, पण यंत्रासमोर आधी काहीतरी ठेवावं लागतं. आम्ही काहीही न घेता बाहेर पडलो. घरी येताना मला वाटलं की आता ही परत जाणार. तेव्हा तुम्ही टेम्पो आणला असता तर कदाचित ती बसलीही असती.

त्यानंतर ती एकटीच दुकानं बघत हिंडू लागली. संध्याकाळी फोन करून सांगायची, आज दिव्यांच्या दुकानात गेले होते, आज मातीच्या भांड्यांच्या. काय घेतलंस विचारलं की 'काही नाही, बघितलं.' भांडीवाल्यानं तिचं नाव 'बघणाऱ्या काकू' ठेवलं. ती दुकानात शिरली की तो विचारायचा, 'काय काकू, आज नुसतंच बघायचं की हातही लावणार?' एके दिवशी तिनं एक मग घेतला, गडद निळा, बुडाशी थोडा वाकडा. मी तो टेबलावर ठेवून पाहिला, डगमगतो. बदलून आणू का विचारलं तर म्हणाली, 'डगमगू दे. मी शंभरातून उचललाय तो.' तो मग तिनं मला अजून धुवायलासुद्धा दिलेला नाही.

मग पडदे. पडदेवाल्या बाईंच्या दुकानात तिनं एक पिवळं कापड काढायला लावलं. ट्यूबलाइटखाली कापड एक दिसतं आणि दिवसाच्या उजेडात दुसरं. आमच्या धंद्यात निम्म्या तक्रारी यावरूनच येतात. म्हणून मी ते खांद्यावर टाकून दुकानाच्या दाराशी नेलं. बाई आतून ओरडल्या, 'अहो ताई, पडदा घेताय की सोनं पारखताय?' आई म्हणाली, 'तिचं मनावर घेऊ नका. ती पाण्याचा पेलाही आधी उजेडात धरते.' दोघी माझ्यावर मनसोक्त हसल्या. दाराशी त्या पिवळ्याला हिरवट झाक आली. मी आईला सांगितलं की तू आत निवडलास तो रंग हा नाही. ती कापड घेऊन आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली आणि म्हणाली, 'आत एक, बाहेर एक. मग दोन मिळाले की.' माझ्या हिशेबात हा दोष धरतात. बाई म्हणाल्या, भाड्याचं घर आहे ना, मग तयार पडदे न्या, उद्या दुसरीकडे गेलात तरी चालतील. आईनं नकारार्थी मान हलवली. 'याच खिडकीच्या मापाचे शिवा.' माप मी घेतलं. ते पडदे दुसऱ्या कुठल्याही खिडकीला बसणार नाहीत.

तिथे आता सगळं मळतं. टेबलावर पांढरा कपडा आहे. गेल्या खेपेला माझ्या हातून त्यावर चहा सांडला आणि मी नकळत बशी सरकवून डाग झाकला. आईनं बशी उचलली, डाग बघितला, 'पडला? मग धुवू,' म्हणाली आणि बोलत होती ते बोलत राहिली. आपल्या घरी डाग पडला की तो कुणाला दिसायचा नाही. इथे दिसतो आणि मग निघतो. यातलं चांगलं कुठलं हे मी ठरवत नाही. फरक आहे, तेवढा नोंदवते.

तुमच्याकडे आले की तुम्ही मला विचारता, 'काय, तिकडे सोफ्यासारखा सोफा आहे का?' नाही. पण तुम्हीही हल्ली सोफ्यावर बसत नाही, जेवणाच्या टेबलापाशी बसून पेपर वाचता. सोफा आधीच बुटका, आता मधे खचलाय, आणि उजव्या गुडघ्यामुळे तुम्हाला त्यातून एकट्यानं उठता येत नाही. पूर्वी आई समोर येऊन हात द्यायची. टेबलापाशी उजेड बरा असतो, असं तुम्ही मला सांगितलंत. दिवा सोफ्याच्या बाजूला आहे, बाबा. हे मी आईला सांगितलेलं नाही. नियम तोच.

गेल्या आठवड्यात तिला खुर्च्या घ्यायच्या होत्या. स्वतःसाठी तिनं पटकन एक वेताची पसंत केली, ठेंगणी, तिच्या मापाची. मग दुकानात मागे जाऊन दुसरी बघायला लागली, लाकडी, उंच, रुंद हातांची. तीत बसली तर तिचे पाय जमिनीला टेकेनात. दुकानदार म्हणाला, 'काकू, शाळेत पहिल्या दिवशी बसल्यासारख्या दिसताय. ती बुटकी न्या की दुसरी.' ती हसली, पण उठली नाही. मग दोन्ही हातांवर जोर देऊन, उजवा पाय पुढे ताठ ठेवून, सगळा भार डाव्यावर घेत उठली. पुन्हा बसली. पुन्हा तशीच उठली. आईचे गुडघे ठणठणीत आहेत. ती माझ्या आधी जिना चढते. उठताना खुर्ची जराही हलली नाही, तेव्हा तिनं खुर्चीच्या हातावर मूठ आपटून बघितली आणि म्हणाली, 'हीच.' गादीचा कपडा निवडायला दुकानदारानं नमुने पुढे केले, पिवळे, निळे, फुलांचे. तिनं ते बाजूला सारून तपकिरी मागितला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, 'आई, पुन्हा तेच?' ती माझ्याकडे न बघता म्हणाली, 'हिला हाच.'

आता टेम्पो. तिचा करार संपतोय हे खरं आहे. तिनं तो परवाच पुढे वाढवला आणि घरमालकाला विचारून भिंतीत फळी ठोकायला छिद्रंही पाडून घेतली. ती परत येणार नाही, बाबा. तुम्ही टेम्पो घेऊन दाराशी उभे राहिलात तर ती ओले हात पुसत बाहेर येईल, आणि या वेळी 'छान आहे' म्हणणार नाही. मग तुम्हां दोघांत जे काही शिल्लक आहे तेही त्याच टेम्पोतून परत जाईल. ते होऊ नये म्हणून हे पत्र. टेम्पो रद्द करा. तुम्ही एकटे या. सोबत काही आणू नका, चादरसुद्धा नको. त्या घराची किल्ली तुमच्याकडे नाही, तेव्हा बेल वाजवा आणि दार उघडेपर्यंत थांबा. तुम्हाला बोलाव असं आईनं मला सांगितलेलं नाही आणि मी तिला विचारलेलं नाही. हे फक्त माझं निरीक्षण आहे. ती लाकडी खुर्ची तिनं खिडकीपाशी ठेवली आहे. तिथे उजेड चांगला येतो. आई स्वतः त्या खुर्चीत कधी बसत नाही, आणि मी बसायला गेले तर मला उठवते. गादी मळखाऊ आहे. चहा सांडलात तरी दिसणार नाही.

तुमचीच,
मोजपट्टी